विनायकची वाक्यं

मागच्या महिन्यात एक मुलगी तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या प्रिंट काढायला माझ्या दुकानात आली होती. सावेडीत माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. तिचा विषय होता मराठी विज्ञान कादंबऱ्यांतली मनोरुग्णालयं. पानं मशीनमधून गरम गरम बाहेर येत होती आणि मी सवयीने वरचं वरचं वाचत होते. चौथं प्रकरण अख्खं सुहासिनी गाडेकरांवर होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘कोंडून ठेवलेल्या माणसाविषयी इतकी करुणा आपल्याकडे क्वचितच कुणी दाखवली असेल.’

मी मशीन बंद केलं.

“कागद अडकला का?” मुलीने विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

तिला काय सांगणार? गाडेकर मॅडमच्या दोन कादंबऱ्या मी टाईप केल्या आहेत आणि तिसरी अर्धी. ती करुणा जिथून यायची तिथे मॅडमना दर महिन्याला माझ्याच गाडीतून मी नेत होते.

मॅडम मला अकरावीला भौतिकशास्त्र शिकवायला होत्या. काटक, ताठ बाई. गडद काठाची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. बोटांना खडूची भुकटी लागलेली खपत नसे, म्हणून खडू हातरुमालात गुंडाळून धरायच्या. त्यांच्या वर्गात ‘कदाचित’ म्हणायला बंदी होती. “माहीत असेल तर सांग, नसेल तर बस,” असं म्हणायच्या. कुणी ‘वजन पाच किलो’ म्हटलं की खडू थांबायचा. “वस्तुमान. वजन न्यूटनमध्ये.” एकदा कॉलेजच्या फाटकाशी रिक्षावाला त्यांची पुस्तकांची पिशवी उचलताना म्हणाला, “लई वजन हाय मॅडम.” त्यालाही त्यांनी थांबवून फरक समजावून दिला. तो बिचारा मान हलवत ऐकत राहिला आणि मागे त्याच्या सवाऱ्या खोळंबल्या.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वारले. पंधरा दिवसांनी ती वर्गात आली आणि तास सुरू असतानाच तिला हुंदका फुटला. मॅडम फळ्यापाशी थांबल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “झालं की सांग. मग आपण घर्षण सुरू करू.” त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

पण हेही सांगितलं पाहिजे, की अकरावीनंतर माझ्या अब्बांनी मला घरी बसवायचं ठरवलं, तेव्हा मॅडम आमच्या घरी आल्या होत्या. बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही. दारातूनच अब्बांना म्हणाल्या, “शेखसाहेब, ही मुलगी एकच चूक दोनदा करत नाही. अशी माणसं कमी असतात. तिला बारावी करू द्या.” आणि निघून गेल्या. अब्बा कुणाचं ऐकणारे नव्हते, पण त्यांचं ऐकलं. माझी बारावी झाली, टायपिंग झालं, पुढे दुकानही झालं. म्हणून नंतर मॅडम जे सांगतील ते मी करत गेले. फार दिवस करत गेले.

दुकान टाकून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एका सकाळी त्या हस्तलिखित घेऊन आल्या. “कादंबरी आहे. बाहेर बोलायचं नाही,” म्हणाल्या. नाव होतं ‘समतोल विभाग’. पुढच्या काळातली गोष्ट. एक मोठं शहर, आणि तिथे प्रत्येकाच्या मनाचा आलेख यंत्र काढतं. रेघ वरखाली झाली की माणसाला जमिनीखालच्या विभागात पाठवतात. तिथे दिवस-रात्र नाही, दाराला आतून कडी नाही, आणि बरं झाल्याचा दाखला द्यायचं खिडकीवालं खातं कायमचं जेवायला गेलेलं. मी टाईप करताना थांबून थांबून वाचत होते. त्यातले कोंडलेले लोक जे बोलायचे ते मी कधी कुठे ऐकलं नव्हतं. एक जण म्हणतो, ‘माझ्या डोक्यात कुणीतरी दुसऱ्याचं पत्र टाकून गेलंय. मी वाचलं नाही, पण ते फोडलेलं आहे.’ आणखी एक जण म्हणतो, ‘बरा झालो हे सांगायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.’

मी विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला सुचतं कसं?”

“नीट टाईप कर,” त्या म्हणाल्या.

कादंबरी गाजली. पत्रं आली, दोन ठिकाणी बक्षीस मिळालं. मॅडम कॉलेजातून निवृत्त झाल्या आणि सावेडीच्या बंगल्यात पूर्णवेळ लिहू लागल्या. लग्न केलेलं नव्हतं. एकट्या राहतात एवढंच आम्हाला माहीत.

मग एकदा त्यांनी विचारलं, “शबाना, तुझी व्हॅन दुसऱ्या शनिवारी रिकामी असते का?” दुकानाचा कागद आणायला मी जुनी मारुती व्हॅन घेतली होती. मॅडमना बस लागायची, राहुरी यायच्या आत उलटी व्हायची. “शिर्डीच्या अलीकडे काम आहे,” म्हणाल्या. मला वाटलं दर्शनाला जायचं असेल, पण मॅडम आणि दर्शन हे काही जमेना.

कोल्हारचा पूल ओलांडून पुढे गेल्यावर त्यांनी एका कच्च्या रस्त्याला गाडी वळवायला सांगितली. दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा. शेवटी उंच भिंत आणि निळं लोखंडी फाटक. पाटीवर मानसिक आजारांच्या खासगी केंद्राचं नाव.

“माझा भाऊ इथे असतो,” मॅडम म्हणाल्या. “विनायक. आईच्या मागे बघणारं कुणी नव्हतं.”

भेटीची जागा म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि मध्ये टेबल. रावसाहेब नावाच्या कर्मचाऱ्याने त्यांना आणलं. पन्नाशीच्या आतले, केस बारीक कापलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बहिणीला पाहून त्यांचा चेहरा असा उघडला की मला नजर वळवावी लागली.

मॅडमनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला आणि आपल्या बाजूला ठेवला, झाकण लावून. मग वही काढली. आम्ही कॉलेजात वापरायचो तसली प्रात्यक्षिकाची वही, एक पान रेघांचं, एक कोरं.

“बोल,” त्या म्हणाल्या. “या महिन्यात काय काय वाटलं?”

विनायकभाऊ म्हणाले, “ताई, आईच्या खोलीतला पंखा चालतो का?”

“ते नंतर. काय ऐकू आलं? काय दिसलं?”

त्यांनी डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. मग म्हणाले, “इथं भिंतीवर घड्याळ न्हाई. रावसाहेबांची चावी वाजली की किती वाजले ते कळतं.”

मॅडमनी ते रेघांच्या पानावर उतरवून घेतलं, शब्द न् शब्द. मग झाकण उघडलं, एक चकली काढून त्यांच्या हातात दिली आणि झाकण परत लावलं.

“आणखी?”

तासाभरात सात चकल्या झाल्या. डबा निम्मा भरलेला होता तसाच परत आला. मला वाटलं, माझा काहीतरी गैरसमज होतोय. एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांच्या मनात काही शास्त्रीय कारण असेल. असं म्हणत मी पुढची चार वर्षं गाडी चालवली.

परतीच्या वाटेवर त्यांनी सगळं सांगितलं, धडा सांगावा तसं. वडील राजूरला शिक्षक. विनायक तिथेच पोस्टात कारकून लागला. सव्विसाव्या वर्षी त्याला न फोडलेली पत्रं ऐकू यायला लागली. बाजारच्या दिवशी तो लोकांना गाठून सांगायचा, तुमच्या पत्रात वाईट आहे, घेऊ नका. आधी लोक हसले, मग घाबरले. वडिलांनी सावेडीत बंगला बांधून सगळ्यांना शहरात आणलं. वडील गेले, आईने त्याला चौदा वर्षं गोळ्या देऊन सांभाळलं, मग आईही गेली. त्यानंतरच्या मार्चमध्ये मॅडमकडे बोर्डाचे पेपर तपासायला आले होते. एका दुपारी त्या घरी आल्या तर विनायकने उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे बादलीत भिजवून, पिळून, दोरीवर वाळत घातलेले. म्हणाला, “त्यातली पोरं रडत हुती. धुतली.” आठवड्याच्या आत त्यांनी त्याला केंद्रात आणून ठेवलं.

“मॅडम,” मी म्हटलं, “हे तर समतोल विभागमध्ये आहे.”

“हो,” त्या म्हणाल्या. “चांगलं उतरलंय ते.”

दुसऱ्या कादंबरीनंतर नगरमध्ये त्यांचा सत्कार झाला. सभागृह भरलं होतं. मी तिसऱ्या रांगेत होते. प्रश्नोत्तरात एक तरुण डॉक्टर उठला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही कधी असं ठिकाण आतून पाहिलंय का? तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी?”

मॅडमनी माईक जवळ घेतला. “नाही,” म्हणाल्या. “विज्ञानकथेला निरीक्षणापेक्षा तर्क लागतो.”

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आदल्याच शनिवारी आम्ही निळ्या फाटकातून बाहेर पडलो होतो.

त्याच सुमारास केंद्रात एक नवी डॉक्टरबाई आली. तिने आम्हाला ऑफिसात बोलावलं. “विनायकरावांना दीड वर्ष काही त्रास नाही,” ती म्हणाली. “नवीन गोळी लागू पडलीय. त्यांना इथे ठेवायचं कारण उरलेलं नाही. घरी न्या.”

मॅडम म्हणाल्या, “घराला गॅलरी आहे.”

“मग?”

“उडी मारली तर?”

“का मारतील?”

“घर दोन मजली आहे,” मॅडम म्हणाल्या, जणू तो पुरावाच होता.

पुढच्या महिन्यात बंगल्याची रंगरंगोटी निघाली. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांचा गुडघा दुखत होता. मग पाऊसकाळ, मग दिवाळी अंकाचं काम. विनायकभाऊंची खोली कधीच त्यांची लिहायची खोली झाली होती, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला होतं.

डॉक्टर चिडली असावी. की तिला खरंच वाटलं, बहिणीची पुस्तकं वाचून भावाला आनंद होईल? तिने ‘समतोल विभाग’ विनायकभाऊंना वाचायला दिलं. आपल्या बहिणीने पुस्तकं लिहिलीत हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या भेटीला ते पुस्तक घेऊनच आले. टेबलावर ठेवलं. मॅडम त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या.

“ताई,” विनायकभाऊ म्हणाले, “मी वाचलं. पान एकशे बारा चुकलंय.”

“काय चुकलंय?”

त्यांनी खूण घातलेलं पान उघडून सावकाश वाचलं. “‘मला बाहेर जायचं नाही. बाहेर सगळे वेडे आहेत.’” मग मान वर केली. “मी असं म्हणालो न्हवतो. मी म्हणालो हुतो, मला बाहेर जायचंय. बाहेर सगळे आहेत.”

रावसाहेब दाराशी उभा होता, त्याने खाली पाहिलं.

“कादंबरीत तसं करावं लागतं,” मॅडम म्हणाल्या.

“बरं,” विनायकभाऊ म्हणाले. पुस्तक मिटलं आणि उठून आत गेले. डबा उघडलाही गेला नाही.

त्यानंतर सहा महिने ते भेटीला यायचे, बसायचे आणि बोलायचे नाहीत. मॅडमची तिसरी कादंबरी अडली. माझ्याकडे येणारी पानं थांबली. एकदा दुकानात येऊन त्या आपल्याच हस्तलिखितावर बोट ठेवून म्हणाल्या, “निर्जीव आहे. सगळे जण माझ्यासारखं बोलतात.” सातव्या महिन्यात विनायकभाऊ म्हणाले, “ताई, घरी न्हेलं तर बोलेन. इथं न्हाई.”

मॅडमनी त्याच दिवशी कागदांवर सह्या केल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला वाटलं नव्हतं तुम्ही नेणार,” ती म्हणाली. मी गोळ्यांच्या तीन महिन्यांच्या पट्ट्या पिशवीत भरल्या, आणि आम्ही तिघं नगरला आलो. वाटेत विनायकभाऊंनी राहुरीला गाडी थांबवायला सांगितली, उसाचा रस प्यायले आणि ग्लास विसळून रसवाल्याला परत दिला. तो रसवाला बघतच राहिला.

त्यांना मागच्या पडवीत खाट घालून दिली. नऊ वर्षं केंद्रात काढलेला माणूस घरात कसा राहतो ते मी तेव्हा पाहिलं. सकाळी सहाला ते अंघोळ करून पडवीच्या दाराशी ताठ उभे राहायचे, कुणीतरी येऊन मोजून जाईल म्हणून. ताट समोर आलं की डाव्या हाताने कडा धरून भराभर खायचे. संडासाच्या दाराला कडी लावायचे नाहीत, कारण तिकडे कड्या नव्हत्या. तहान लागली तर “पाणी पिऊ का?” म्हणून विचारायचे. मी एकदा म्हटलं, “भाऊ, तुमचंच घर आहे.” ते म्हणाले, “हो ना,” आणि तरी परवानगीची वाट पाहत उभे राहिले.

पण दोन-तीन आठवड्यांत माणूस सैलावला. कोपऱ्यावरच्या डेअरीतून एकटे जाऊन दूध आणायला लागले. मी बंगल्यावर चक्कर टाकली की “टायपिंगवाल्या ताई, चहा घ्या” म्हणायचे आणि स्वतः करायचे. चांगला करायचे. आणि कबूल केल्याप्रमाणे मॅडमशी बोलायचे. रोज दुपारी चार वाजता मॅडम वही घेऊन बसायच्या आणि ते बोलायचे. आईचा पाट कुठे गेला. इथे चिंच होती ती का तोडली. राजूरच्या पोस्टात शेजारी बसणारा साहेब अजून आहे का. डेअरीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलंय.

मॅडमचं पेन हवेत थांबलेलं असायचं. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, “विनायक, तू पूर्वी असं बोलत नव्हतास.”

“तेव्हा मी आजारी हुतो, ताई.”

मॅडमनी वही मिटली.

त्यानंतर महिनाभर मला निरोप नव्हता. आणि मग एकदम पानं यायला लागली. रोज पंधरा, वीस. स्वतः आणून द्यायच्या. डोळे चमकत होते, त्या वयात गालांवर रंग आला होता. “बघ, शबाना,” म्हणाल्या. “आता बघ.”

मी टाईप करायला बसले. अडलेली टाकून दिलेली दिसत होती; ही नवी कादंबरी अशा जगाची होती जिथे सगळ्या कोठड्या बंद करून लोकांना घरी पाठवलंय, आणि आता घरंच कोठड्या झालीत. पहिल्याच पानावर एक माणूस म्हणतो, ‘भिंतीला ताप आलाय. मी हात लावला की ती मला माझं तापमान सांगते.’ दोन पानांनंतर म्हणतो, ‘दूध आणायला गेलो. पिशवीवर माझं नाव होतं आणि आजचीच तारीख.’

मी ते पुन्हा वाचलं. वाक्य भारी होतं म्हणून नाही. तो डेअरीवाला मला माहीत होता. महिन्याभरापूर्वी चहा करणारा माणूस हे बोलत नसतो.

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण ते सांगितल्याशिवाय मॅडमबद्दल बोलायचा मला हक्क नाही. मी लगेच उठून गेले नाही. मी ती पानं टाईप केली. दुसऱ्या दिवशीची केली, तिसऱ्या दिवशीचीही केली. पाचव्या दिवशी एका पानावर वाक्य आलं, ‘गोळी पांढरी असते हे मी विसरत चाललोय.’ तेव्हा मी दुकान बंद करून बंगल्यावर गेले.

भर दुपार होती. पडवीला बाहेरून कडी होती. काढली. विनायकभाऊ भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मला ओळखलं. “ताई म्हणते डॉक्टरांनी गोळी बंद केली,” म्हणाले. “केली का?”

स्वयंपाकघरातल्या खणात पट्ट्या होत्या. मीच भरून आणलेल्या. पहिल्या महिन्याच्या संपलेल्या. बाकीच्या तशाच, एकही खड्डा फुटलेला नाही. आणि समोरच्या खोलीत, विनायकभाऊंच्या खोलीत, टेबलापाशी मॅडम लिहीत बसल्या होत्या.

“मॅडम,” मी पट्ट्या पुढे धरल्या. “हे काय?”

त्यांनी आधी हातातलं वाक्य पुरं केलं. मग म्हणाल्या, “गोळीने तो कुणीच राहत नाही, शबाना. दूध आणणारा एक माणूस राहतो.”

“मग राहू द्या की!”

“असे गल्लीत पन्नास आहेत,” त्या म्हणाल्या. “हे असं बोलणारा एक आहे. तू टाईप केलंयस. तुला कळतं.”

हे ‘तुला कळतं’ मला अजून आठवतं. कारण मला कळत होतं.

मी तिथूनच केंद्रात फोन लावला. डॉक्टर तीन तासांत आली, बरोबर रावसाहेब. विनायकभाऊ आधी भिंत सोडेनात. रावसाहेब त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, “चला भाऊ. आपल्याकडं जाऊ.” तेव्हा ते उठले. ज्या फाटकातून सुटायला त्यांनी सहा महिने तोंड बंद ठेवलं होतं, तिकडे ते स्वतःच्या पायांनी निघाले. गाडीत बसताना डॉक्टरांना विचारलं, “पाणी पिऊ का?”

मॅडम पायरीवर उभ्या होत्या. “मी आधीपासून सांगत होते,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “हा घरी राहण्यासारखा नाही. गोळ्या घ्यायला विसरत असेल.”

मी पट्ट्या डॉक्टरांच्या हातात दिल्या. पडवीची कडी बाहेरून होती, तेही सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. डॉक्टरांनी फाईलमध्ये सगळं लिहिलं, पेशंटला पुन्हा बहिणीच्या ताब्यात देऊ नये असंही लिहिलं. ती पोलिसांकडे जायला तयार होती. केंद्राच्या मालकांनी तिला समजावलं, नामवंत बाई आहेत, घरातली बाब आहे. ते तिथेच मिटलं.

उरलेली पानं मॅडमनी दुसरीकडे टाईप करून घेतली. ‘उंबरठ्याचे नियम’ सहा महिन्यांत छापून आली. मी विकत घेऊन वाचली. ती त्यांची सगळ्यात चांगली कादंबरी आहे. खोटं बोलून काय करू? त्या मुलीच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण मुख्यत्वे तिच्यावरच आहे.

विनायकभाऊंना यातून बाहेर यायला वर्ष लागलं, आणि पूर्ण आले नाहीत. उजवा हात थरथरतो. केंद्राच्या बाहेरच्या खोल्यांमध्ये राहतात, हंगामात पेरू पेट्यांत भरतात. पण बोलत नाहीत. म्हणजे ‘हो’ म्हणतात, ‘नको’ म्हणतात. पूर्ण वाक्य तोंडातून काढत नाहीत, डॉक्टरांसमोरही नाही. मी तीन-चार महिन्यांनी जाते. आम्ही बाकावर बसतो, मी दुकानातलं काहीबाही सांगते, ते ऐकतात, वेळ झाली की मान हलवून उठतात.

गेल्या हिवाळ्यात अशीच त्यांना भेटून बाहेर पडत होते. त्या दिवशीही ते एक शब्द बोलले नव्हते. फाटकाबाहेर मॅडम उभ्या होत्या. भाड्याची गाडी करून आल्या असाव्यात. किती म्हाताऱ्या झाल्या होत्या! साडीच्या निऱ्या एका बाजूला ओघळलेल्या, ज्यांच्या पदराची घडी आम्ही कधी मोडलेली पाहिली नव्हती. रावसाहेब त्यांना सांगत होता, “न्हाई म्हनत्यात. मी इचारलं दोनदा. तुमी उगं हेलपाटा घालता, मॅडम. ते येनार न्हाईत.”

मी व्हॅनमध्ये बसले. मॅडमनी मला पाहिलं आणि जवळजवळ धावत आल्या. काच खाली होती.

“शबाना. तुला भेटतो तो?”

“भेटतात.”

“बोलतो?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. शाळकरी पोराने निकाल विचारावा तसा चेहरा होता. ‘नाही’ एवढंच मी म्हणाले असते तर त्यांना समाधान मिळालं असतं, की तो कुणाशीच बोलत नाही. खरंही तेच होतं.

“हो,” मी म्हटलं. “खूप बोलतात.”

त्यांनी दोन्ही हातांनी काचेची कड धरली. “काय? काय म्हणाला?”

मी चावी फिरवली.

“एवढं सांग. एकच सांग. शबाना, काय म्हणाला?”

मी गिअर टाकला. मॅडम काचेची कड धरून गाडीबरोबर चार-पाच पावलं चालल्या, तोंडाने तेच विचारत. मग रस्ता खडबडीत लागला आणि त्यांचे हात सुटले.